पोट्टे पोट्ट्यांले शिकवतात, पण त्यानं काम भेटते का?

मागच्या अंकात या पानावर मी सहज लिहून गेले होते की आर्ट कॉलेजातली अर्धी विद्या सरांकडून येते अन् अर्धी बाजूला बसलेल्या पोट्ट्याकडून, आणि काम शोधायला निघाल्यावर ही दुसरी अर्धीच जास्त कामी पडते. त्यावरून एवढे मेल अन् व्हॉट्सॲप आले की या महिन्याचे बाकीचे विषय पुढं ढकलले. सारखे प्रश्न होते ते एकत्र केलेत. नावं गाळलीत, कारण कॉलेजबद्दल बऱ्याच जणांनी मन मोकळं करून लिहिलंय आणि त्यांच्या परीक्षा अजून व्हायच्या आहेत.

प्रश्न : ताई, मी बीएफए अप्लाइडच्या सेकंड इयरला आहे, रोज एसटीनं अपडाउन करते. आमच्याकडं परमनंट सर एकच, बाकी तासिकेवरचे, ते कधी येतात कधी नाही. लॅबमध्ये जे पीसी चालू आहेत त्यावर तीन-तीन जण बसतो, त्यात लाइट गेली की संपलंच. मग आम्ही एकमेकालाच विचारतो, सीनियरला विचारतो, यूट्यूब पाहतो. याला शिकणं म्हणायचं का टाइमपास? उद्या कंपनीत गेलो तर लोक म्हणतील तुम्हाला कोणी शिकवलंच नाही. (विद्यार्थिनी, दारव्हा)

उत्तर : पहिले एक सांगते, सरांच्या जागा रिकाम्या असणं ही शिकवायची पद्धत होऊ शकत नाही, ती अडचण आहे, तिच्यासाठी निवेदनं देत राहा, पालकांना पुढं करा. पोरं एकमेकाला शिकवून राहिली तर भरती कायले पाहिजे असं कोणी म्हटलं तर त्याला तिथंच अडवा.

पण तुम्ही जे करून राहिल्या ते शिकणंच आहे, आणि फार जुनं आहे. पॅरिसच्या एकोल दे बोझार्त या कलाशाळेत १९व्या शतकात आर्किटेक्चरची पोरं ज्या स्टुडिओत बसायची तिथं मास्तर दिवसभर बसून नसायचे, येऊन काम बघून जायचे, बाकी कारभार जुन्या पोरांच्या हातात. नवीन आलेले जुन्यांच्या ड्रॉइंगला शाई भरायला मदत करायचे, अन् जुने त्यांच्या कामातल्या चुका काढून द्यायचे. जर्मनीत १९१९ ला बाउहाउस ही डिझाइनची शाळा सुरू झाली तीही वर्कशॉपच्याच भरवशावर. अन् एवढं लांब तरी कायले जायचं, गणपतीच्या सीझनला नागपूरच्या चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, चक्कर मारा, तिथं कोणी फळ्यावर लिहून शिकवत नाही. बाजूच्याचा हात बघूनच हात बसतो.

आता टाइमपास अन् शिकणं यातला फरक कुठं आहे, तर विचारायच्या पद्धतीत. "हे करून दे ना बाप्पा" म्हटलं की तुमची फाइल तयार होते, तुम्ही नाही होत. "मी इथवर आणलं, इथं अडकलं, तू कसं करते ते दाखव, मग मी माझ्या हातानं करते" असं म्हटलं की काम झालं. एका पीसीवर तिघी बसता ना, मग एकच नियम करा की माऊस कायम जिला येत नाही तिच्या हातात राहील. जिला येते ती फक्त तोंडानं सांगेल, हात नाही लावायचा. पहिले दोन दिवस भयंकर चिडचिड होते, येणारीला वाटतं की ओढून घ्यावा माऊस, पण तोंडानं सांगताना तिला स्वतःलाच कळतं की आपण अर्ध्या गोष्टी सवयीनं करतो, का करतो ते माहीत नाही. तिसरी जी आहे तिनं वहीत लिहायचं, काय अडलं अन् कसं सुटलं. लाइट गेली की वही काढायची.

हे कंपनीत कसं कामी येतं ते एका पोस्टरवरून सांगते. झाडीपट्टीचा, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचा, सीझन दिवाळीनंतर सुरू होतो, वडसा म्हणजे देसाईगंजला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, गावोगावची मंडळं तिथं येऊन नाटकं बुक करतात, आणि प्रत्येक प्रयोगाला पोस्टर, पॉम्प्लेट, बॅनर लागतात. मागच्या हिवाळ्यात त्या भागातली चार पोरं-पोरी एका पोस्टरवर बसली होती, मी मागं उभी राहून बघत होते. नाटकाचं पोस्टर म्हणजे काय असतं माहीत आहे ना, प्रत्येक कलाकाराचं नाव मोठं पाहिजे, हिरोचा फोटो पाहिजे, हिरोइनचा त्याहून मोठा, आयोजकांची नावं, वर शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, तारीख. पोराने सगळं बसवलं होतं, दिसायला झगमगीत. एक पोरगी म्हणाली, "गाव कोणतं?" तो म्हणे, "लिहिलं ना खाली." लिहिलं होतं खरं, पण जांभळ्यावर बारीक लाल अक्षरात. तिनं त्याची काळी-पांढरी प्रिंट काढली, समोरच्या पानठेल्याच्या भिंतीला टेपनं चिकटवली अन् चौघंही रस्त्याच्या या बाजूला येऊन उभी राहिली. गाव दिसेना, तारीख दिसेना, दिसत होती फक्त हिरोइन. पोरगा काही बोलला नाही, आत गेला, गावाचं नाव चौपट केलं. तेवढ्यात दुसऱ्यानं विचारलं, "कर्व्ह केलं का?" म्हणजे फाँटमधल्या अक्षरांचे आकार करून टाकले का, मग प्रेसमध्ये फाँट लागत नाही. नव्हतं केलं. प्रेसमध्ये तो फाँट नसता तर वेलांट्या एकीकडं अन् अक्षरं एकीकडं झाली असती, हजार कॉपी वाया.

आता बघा, यात सर कुठंच नव्हते. पण आपल्या कामातली चूक चारचौघात ऐकून घेणं, दुसऱ्याच्या कामातली चूक त्याला न दुखवता दाखवणं, संध्याकाळच्या आत दुरुस्त करणं, अन् छपाईला जायच्या आधी फाइल तपासणं, एवढं सगळं एका दुपारी झालं. एजन्सीत नवीन पोरगा लागतो तेव्हा त्याच्या ड्रॉइंगपेक्षा या गोष्टींवरूनच त्याला ठेवायचं का नाही ते ठरतं, हे मी पॅकेजिंगच्या कामात इतकी वर्षं बघून राहिले. तुम्हाला कोणी शिकवलं नाही असं कोणी म्हणणार नाही. ते विचारतील, हे कसं केलं? तुम्ही रोज मैत्रिणीला सांगता तसंच त्यांना सांगायचं.

प्रश्न : मी फायनल इयरला आहे, बाबांचं फ्लेक्सचं दुकान आहे त्यामुळं कोरल अन् फोटोशॉप मला पहिल्यापासून जमते. वर्गातले सगळे माझ्याकडंच येतात. सबमिशनच्या आदल्या रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी दुसऱ्यांचं काम करतो आणि वरून माझंच डिझाइन थोडं कलर बदलून जमा करतात. माझं काय होऊन राहिलं यात? शिकवणं बंद करू का? (विद्यार्थी, वरोरा)

उत्तर : शिकवणं नको बंद करू, करून देणं आजच बंद कर. या दोन गोष्टी तू एक करून टाकल्या आहेत म्हणून दोन वाजतात.

तुझं काय होते विचारतोस तर ऐक. हार्वर्डमध्ये एरिक माझूर म्हणून फिजिक्सचे प्रोफेसर आहेत, त्यांनी १९९१ पासून वर्गात लेक्चर कमी करून एक वेगळंच सुरू केलं, प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं उत्तर द्यायचं, मग बाजूच्याला पटवून सांगायचं की माझंच का बरोबर, अन् परत उत्तर द्यायचं. दुसऱ्या खेपेला बरोबर उत्तरं वाढायची. त्यांचं म्हणणं असं की ज्याला एखादी गोष्ट आत्ताच समजली त्याला आठवत असते की अडकायला कुठं होतं, सरांना ते आठवत नाही, त्यांना समजून जमाना झाला. हे फिजिक्सचं झालं, पण पेन टूल शिकवताना तुला रोज हाच अनुभव येत असणार. आणि सांगणाऱ्याचं स्वतःचं पक्कं होतं ते वेगळं. पुढं आर्ट डायरेक्टर वगैरे झालास तर दिवसभर करशील काय, दुसऱ्याच्या स्क्रीनकडं बघून सांगशीलच ना की हे इकडं घे अन् ते काढून टाक.

आता कॉपीचं. सीडीआर, म्हणजे कोरलची बदल करता येणारी मूळ फाइल, कोणालाच द्यायची नाही, जेपीजी दाखव. टेक्निक शिकवताना तुझ्या असाइनमेंटवर नको शिकवू, दुसराच विषय घे, त्याला लग्नपत्रिकेवर शिकव अन् तुझं पोस्टर बंद ठेव. रोज संध्याकाळी एक तास, कॅन्टीनला किंवा लॅबला, तेवढाच. सबमिशनच्या रात्री फोन सायलेंट. आणि फुकट नको शिकवू! पैसे म्हणत नाही मी, बदल्यात शिकून घे. फ्लेक्सच्या दुकानात वाढलेल्या पोरांचा हात बहुतेक कच्चा असतो, माऊसवर सगळं होतं त्यामुळं पेन्सिल सुटते, राग नको मानू. वर्गात कोणाचं फिगर ड्रॉइंग चांगलं असेल त्याला म्हण तू मला अर्धा तास स्केचिंगला बसव, मी तुला अर्धा तास कोरल देतो. एखाद्या रविवारी बाबांना विचारून चार जणांना दुकानात आण, दहा बाय तीनच्या बॅनरची फाइल मशीनवर चढताना बघू दे, काठाला रिंगा ठोकायला जागा सोडावी लागते हे पुस्तकात नाही. फक्त बाबांना आधीच सांग की ही पोरं बघायला आली आहेत, सीझनचं काम उरकून घ्यायला नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. मी कास्तकार माणूस, मेहकर तालुक्यातला, सोयाबीन अन् थोडीशी पऱ्हाटी. पोरीनं जिद्द केली म्हनून तिले आर्टले टाकलं. सुट्टीत घरी आली का मोबाइलवर मैत्रिनीसोबत गटाचं काम चालू हाय म्हन्ते. मले समजत नाही, मास्तरनं शिकवायचं सोडून पोरीच पोरीले शिकवून राहिल्या तर हिले नोकरी कोन देईन? शेजारच्याची पोरगी नर्सिंगले गेली. खरं काय ते सांगा. (पालक)

उत्तर : काका, खरंच सांगते. नर्सिंग केलं की समोर दवाखाना दिसतो तसं आर्टमध्ये दिसत नाही. शाळेत चित्रकलेच्या मास्तरच्या जागा फार कमी निघतात, त्यावर भरवसा ठेवून बसायचं नाही. पण काम आहे, आणि ते पसरलेलं आहे, छपाईत, पॅकिंगच्या डिझाइनमध्ये, लग्नाच्या अल्बममध्ये, शाळेच्या पुस्तकांच्या चित्रात, मोबाइल ॲपच्या स्क्रीन बनवण्यात, साड्यांच्या डिझाइनमध्ये. हे काम देणारा डिग्री विचारतो एकदा, अन् मग विचारतो केलेलं काम दाखव, कोणासोबत केलं, किती दिवसात केलं, गिऱ्हाईक काय म्हणालं. म्हणजे चार माणसात काम करून तेच तोंडानं सांगता आलं पाहिजे. गावाकडच्या हुशार पोरी इथंच मागं पडतात, चित्र एक नंबर असतं अन् विचारलं की खाली बघतात. मैत्रिणीसोबत गटात भांडून-तंडून जे काम होतं त्यानं हीच भीड मोडते.

आणि काका, हाताच्या कामातून शिकायचं हे काही शहरातून आलेलं फॅड नाही, आपल्या वर्ध्यालाच १९३७ च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली होती, गांधीजींची नई तालीम तिथूनच पुढं आली. पोरानं सूत कातता कातता हिशोब शिकावा असं ते होतं.

पण तुम्हाला मोबाइलवरचं काम दिसत नाही म्हणून शंका येते, ती चुकीची नाही, कारण गटाच्या नावाखाली नुसत्या गप्पाही चालतात. तर तपासायची सोपी रीत सांगते. तुमच्या गावात बचत गट असेलच, लोणचं, पापड, हळद, तूरडाळ काही ना काही विकत असतील, बहुतेक साध्या पन्नीत. पोरीला अन् तिच्या मैत्रिणींना म्हणा या सुट्टीत एका मालाचं लेबल बनवून द्या. नुसतं सुंदर नाव लिहून भागत नाही, खायच्या वस्तूवर एफएसएसएआयचा नंबर लागतो, शाकाहारीचं चौकोनातलं हिरवं गोल चिन्ह लागतं, वजन, किंमत, बॅच नंबर, कधी बनवलं, कधीपर्यंत चांगलं राहते, माल कोणी बनवला त्याचा पत्ता, एवढं सगळं बारक्याशा कागदात वाचता येईल असं बसवायचं. बायांना विचारून विचारून करावं लागेल, एखादी म्हणेल आमचा फोटो टाका, दुसरी म्हणेल गणपती टाका. एकीनं बायांशी बोलायचं, एकीनं अक्षरं बघायची, एकीनं प्रेसवाल्याकडून हजार लेबलचा भाव काढायचा. झालं की पोरीला समोर बसवा अन् विचारा, यातलं तू काय केलं? तिनं नीट सांगितलं तर काळजी करू नका. नाही सांगता आलं तर मोबाइल काढून नका घेऊ, मला परत लिहा.

आणि बायांकडून त्या कामाचे थोडे तरी पैसे घ्यायला लावा तिला, शंभर का होईना. भाव सांगताना जीभ अडखळते ती घरच्या माणसांतच मोकळी झालेली बरी.

प्रश्न : मी एका कला महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. गटाला प्रोजेक्ट दिला की एक मुलगा राबतो, बाकीचे टपरीवर. मार्क सगळ्यांना सारखेच द्यावे लागतात. मुलांनाच एकमेकांचे मार्क द्यायला सांगितलं तर दोस्ती-दुश्मनी निघते. आणि दुसरी भीती अशी की मुलं एकमेकांना चुकीचंच शिकवतात. हे सगळं कसं सांभाळायचं? (चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : सर, तासिकेच्या पैशात तुम्ही हा विचार करता हेच खूप झालं, कारण गटाचं काम नीट करून घ्यायला लेक्चरपेक्षा जास्त वेळ जातो अन् तो वेळ कोणत्याच बिलात धरत नाहीत.

एक राबतो बाकी टपरीवर हे का होतं, तर काम असं असतं की एकाला ते एकट्यानं पूर्ण करता येतं. मग तो करतोच, त्याला बाकीच्यांची वाट बघण्यापेक्षा ते सोपं पडतं. १९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या ऑस्टिनला एलियट ॲरनसन यांनी जिगसॉ नावाची पद्धत काढली, तिथल्या शाळांत गोरी-काळी पोरं नुकतीच एका वर्गात आली होती अन् एकमेकांशी पटत नव्हतं. त्यांनी धड्याचे तुकडे केले, प्रत्येकाकडं एकच तुकडा, वेगवेगळ्या गटातली तोच तुकडा असलेली पोरं आधी एकत्र बसून तो समजून घेणार, मग आपापल्या गटात जाऊन बाकीच्यांना शिकवणार. समोरचा सांगेल तेव्हाच आपल्याला कळणार, दुसरा रस्ताच नाही.

डिझाइनमध्ये हे मस्त बसतं. समजा बांबूच्या टोपलीचं किंवा दिव्याचं पॅकिंग करायचं आहे. तुमच्या जिल्ह्यातच चिचपल्लीला बांबू संशोधन अन् प्रशिक्षण केंद्र आहे, प्रत्येक गटातला एक जण तिकडं जाऊन बांबूचं बघेल, कीड कशानं लागते, ओला-वाळला फरक काय. एक जण पुठ्ठ्याचं अन् कटिंगचं बघेल, एक खर्चाचं, एक फोटो अन् लेबलचं. सगळ्या गटांतले खर्चवाले एकदा एकत्र बसतील, पुठ्ठेवाले एकदा. मग टपरीवर गेलेल्या पोराचा तुकडा कमी पडला की अख्ख्या गटाचं अडतं आणि तुम्हाला बोलायची गरज राहत नाही, गटच त्याला टपरीवरून उचलून आणतो.

मार्कांचं असं करा की अर्धे गटाच्या कामाला आणि अर्धे एकेकट्याच्या पाच मिनिटांच्या तोंडी परीक्षेला. त्या तोंडीत फोटोवाल्याला खर्चाचा प्रश्न विचारा आणि खर्चवाल्याला बांबूचा. पहिल्या गटाची तोंडी झाली की बातमी होस्टेलला पोचते, पुढचा गट रात्रभर एकमेकाला शिकवतो. पोरांनी दिलेल्या मार्कांना वजन थोडंच ठेवा, चिठ्ठीवर, नाव न लिहिता, आणि आकड्याच्या खाली एक ओळ सक्तीची की याने नेमकं काय केलं. नुसता आकडा मागितला की दोस्ती निघते, काय केलं ते लिहायला सांगितलं की निम्म्या जणांना खोटं सुचतच नाही. युनिव्हर्सिटीच्या मार्कांत हे बसत नसेल तर इंटर्नलमध्ये बसवा.

चुकीचं शिकवतात ही भीती मात्र खरी आहे, याबाबतीत मी तुमच्याच बाजूनं. एका वर्गात सगळ्यांना ठाम माहीत होतं की नेटवरून घेतलेला छोटा लोगो फोटोशॉपमध्ये रिझोल्यूशन ७२ चं ३०० केलं की प्रिंटला शार्प येतो. कोणी तरी सीनियरनं सांगितलं, ते बॅच दर बॅच चालत आलं. लोगोत जेवढे पिक्सल आहेत तेवढेच राहणार, आकडा बदलून नवीन माहिती कुठून येणार, सॉफ्टवेअर मधल्या जागा अंदाजानं भरते अन् काठ आणखी मऊ पडतात. हे एका प्रिंटवर दाखवलं की संपतं, पण ते दाखवायला सर पाहिजेत. म्हणून पोरांच्या तासानंतर दहा मिनिटं तुमची ठेवा, प्रत्येक गटानं आज काय शिकलो ते एक वाक्य सांगायचं, तुम्ही फक्त चुकलेलं पकडायचं. सगळं शिकवायला तुमचा जेवढा वेळ जायचा त्याच्या मानानं हे फार थोडं आहे.

आणि एक, तारीख हलणार नाही असं काम द्या. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, तिच्यासोबतचे बडगे, म्हणजे टीका करणारे पुतळे, वस्तीतली पोरंच मिळून बनवतात, कोणावर टीका करायची ते ठरवण्यापासून बांबूचा सांगाडा, कागद, चेहरा, वरची पाटी सगळं. तिथं कोणी म्हणत नाही की सर दोन दिवस वाढवून द्या. तुमच्या गावच्या यात्रेचं, शारदोत्सवाचं, ग्रंथालयाच्या कार्यक्रमाचं खरं काम आणा, पोरं बदलतात.

प्रश्न : मी कुरखेड्याकडची. ड्रॉइंग चांगलं आहे असं सगळे म्हणतात पण क्रिटिकच्या तासाला, म्हणजे एकमेकांच्या कामावर बोलायचं असतं तेव्हा, माझ्या तोंडून शब्द निघत नाही, अन् निघाला तर झाडीबोली निघते, मग शहरातली मुलं हसतात. दुसऱ्याच्या कामाबद्दल तर मी काहीच बोलत नाही. अशानं इंटरव्ह्यू कसा होईल?

उत्तर : हसतात ते सोड, तुझ्या कॉलेजला क्रिट घ्यायची पद्धत नाही हा खरा घोळ आहे. नुसतं "बोला आता" म्हटलं की ज्याचा आवाज मोठा तोच बोलतो.

लिझ लर्मन नावाच्या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेनं १९९० च्या सुमारास यावर चांगला तोडगा काढला, तो आता डिझाइनवाले पण वापरतात. पहिले बघणाऱ्यांनी फक्त सांगायचं की काय दिसलं, काय लक्षात राहिलं, चांगलं-वाईट नाही म्हणायचं. मग जिचं काम आहे तिनं प्रश्न विचारायचे, म्हणजे "हा रंग तुम्हाला उदास वाटतो का" असं. मग बघणाऱ्यांनी तिला साधे प्रश्न विचारायचे, ज्यात टोमणा नाही. मत सगळ्यात शेवटी, ते पण विचारून, "रंगाबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?" तिनं नको म्हटलं तर नको. ऐकायला हे बालवाडीसारखं वाटतं, पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला हसणाऱ्यांचं हसू बंद होतं कारण त्यांना हसायला मधली फटच सापडत नाही.

अख्ख्या वर्गाला हे पटवणं तुझ्या हातात नसेल तर एक मैत्रीण पकड, दोघीच करा. झाडीबोलीतच करा. तुझं डोकं ज्या बोलीत चालतं त्यातच आधी नीट सांगता आलं पाहिजे की मी इथं मोकळी जागा का सोडली, मग तेच जरा प्रमाण मराठीत, मग हिंदीत, कारण नागपूरच्या निम्म्या एजन्सीत इंटरव्ह्यू हिंदीतच होतो. प्रत्येक कामामागं तीनच वाक्यं तयार ठेव, काय सांगितलं होतं, मी काय केलं, कुठं अडलं अन् कसं सोडवलं. पाठ नको करू, मैत्रिणीला वेगवेगळ्या वेळी सांग, चहा पिताना, एसटीत. अन् वडशाचा नाटक कंपनीचा मालक पोस्टर घ्यायला बसेल तेव्हा त्याच्याशी सगळ्यात भारी तूच बोलशील, शहरातली पोरं तिथं गप्प बसतील.

प्रश्न : एआय दोन मिनिटात पोस्टर देते. मग एकमेकांकडून शिकत बसायचं कशाला? (अकोट)

उत्तर : त्या पोस्टरवरची मराठी जोडाक्षरं वाचून बघा एकदा, "श्री" अन् "क्ष" ची बऱ्याचदा काय हालत होते ते. ते सुधारून राहिलं म्हणा हळूहळू. पण दहा पर्यायांतला कोणता तुमच्या बाजार समितीच्या कार्यक्रमाला चालतो अन् का, हे मशीनला नाही, गिऱ्हाइकाला समजावून सांगावं लागतं. गटात एआय वापरायचं तर वापरा, एकानं चित्रं काढून आणायची, बाकीच्यांनी त्यातली खोट काढायची, आणि काय सांगून चित्र आणलं ते लपवायचं नाही.

प्रश्न : आम्ही पाच जणींनी मिळून केलेलं काम पोर्टफोलिओत टाकू का? सगळ्याच टाकतील मग कंपनीला वाटेल चोरलं. (पुसद)

उत्तर : टाका, पण खाली एक ओळ लिहा की पाच जणींचं काम, यातलं अक्षरांचं अन् लेआउटचं माझं, चित्रं दुसरीची, फोटो तिसरीचे. बाकी चौघींनीही हेच लिहायचं, जुळलं पाहिजे, म्हणून एकत्र बसूनच लिहा. असं लिहिलं की चोरलेलं वाटत नाही, उलट कळतं की ही चौघांसोबत काम करू शकते. दुसरीचं काम वापरायच्या आधी तिला विचारा. फक्त गटाचंच काम नको, स्वतःचं एकटीचं तेवढंच पाहिजे. शेवटचा पोस्टर तर दाखवाच पण आधीचे फसलेले दोन-तीन प्रयत्न छोटे करून बाजूला लावा, मैत्रिणीनं काय सांगितलं अन् त्यावर काय बदललं ते बारीक अक्षरात लिहा, इंटरव्ह्यू घेणारे त्याच पानावर थांबतात. सॉफ्टवेअर विकत घ्यायला पैसे नसतील तर इंकस्केप, क्रिता, जिंप फुकट आहेत, मराठीसाठी "एक टाइप" नावाच्या संस्थेचे मुक्ता अन् बालू हे फाँट फुकट आहेत, चोरीचे फाँट वापरून पोर्टफोलिओ नका बनवू. आणि एकमेकींना व्हॉट्सॲपवर इमेज पाठवता ना, फोटो म्हणून नका पाठवू, क्वालिटी मरते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कंपनीला एकच पीडीएफ, दहा एमबीच्या आत, फाइलचं नाव तुमचं स्वतःचं नाव. "फायनल फायनल २" नको.